महिन्याचा शेवटचा शनिवार

रेवाई चिकोमो कुठेही वेळेवर पोचत नसे. ती तासभर आधी पोचायची. शाळा सातची, तर ही सहाला फाटकापाशी हजर, आणि फाटक उघडणारा रखवालदार डोळे चोळत तिला मनातल्या मनात शिव्या घालतोय. लग्नाला गेली तर खुर्च्या मांडायला हिचेच हात लागायचे. दवाखान्यात डॉक्टरच्या आधी, चर्चमध्ये पाद्र्याच्या आधी. बरं, आधी पोचून शांत बसेल तर ती रेवाई कसली! येरझाऱ्या घालणार, पिशवी उघडणार, बंद करणार, पुन्हा उघडणार.

हे दुखणं माहेरचं. झिम्बाब्वेत गुटू नावाच्या भागात तिचं गाव. तिथून दिवसाला एकच बस सुटायची, तीही ड्रायव्हरच्या लहरीवर. चुकली की बसा दुसऱ्या दिवसापर्यंत मक्याच्या पोत्यावर. त्या बसच्या धास्तीतच ती लहानाची मोठी झाली, शिक्षिका झाली, लग्न झालं, लेक तफारा झाली, नवरा गेला. सव्वीस वर्षं खडू झिजवून झाल्यावर सरकारने शिक्षकांची एक तुकडी रवांडाला पाठवायचं ठरवलं आणि तिच्यात हिचा नंबर लागला. आता दीड वर्ष ती कायोन्झात इंग्रजी शिकवत होती. इथे अर्ध्या तासाला बस. पण अंगात मुरलेली धास्ती काय वेळापत्रक बघून उतरते?

परक्या मुलखात माणसाची फजिती व्हायचीच, हिची जरा जास्त झाली. या देशात प्लास्टिकच्या पिशवीला बंदी. आल्या दिवशीच विमानतळावरच्या बाईने हिच्या बॅगेतल्या सगळ्या पिशव्या काढून घेतल्या आणि सुकवलेली भाजी, दाण्याचा कूट, मोपानीच्या झाडावरच्या वाळवलेल्या अळ्या, सगळं कपड्यांत मोकळं सोडून दिलं. पुढे महिनाभर हिचे ब्लाउज अळ्यांसारखे वास मारत होते. एकदा मोटारसायकलवाल्याचं हेल्मेट काढताना त्याच्याबरोबर केसांचा टोपही निघून आला, तोही भर चौकात, सहावीच्या अख्ख्या वर्गादेखत.

पण खरा घोटाळा रस्त्याचा. तिच्या देशात गाड्या डावीकडून चालतात, इथे उजवीकडून. डोक्याला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पायांना दीड वर्षातही कळलं नाही. एरवी ठीक, पण घाई झाली, मन कुठे दुसरीकडे लागलं, की पाय आपले जुन्या बाजूला जाऊन उभे.

झिम्बाब्वेकरांत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. ती 'माय तफारा', तफाराची आई. आणि त्या तफाराला इंग्लंडमध्ये नर्सची नोकरी लागली होती. हरारेहून निघायचं, रवांडाच्या राजधानीत किगालीला उतरायचं, तिथे विमान बदलायचं. सकाळी साडेसातला उतरणार, दीडचं पुढचं विमान. मधले काही तास तिला विमानतळाबाहेर येता येणार होतं. दीड वर्षांत आईने लेकीला पाहिलं नव्हतं आणि पुढची तीन वर्षं तरी सुट्टीचं नाव नव्हतं. जे काय भेटायचं ते त्या तेवढ्या तासांत.

आणि तो शनिवार निघाला महिन्याचा शेवटचा.

"मेलीस!" खोलीतली सोबतीण शुवाई म्हणाली. शुवाई गणित शिकवायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "शेवटच्या शनिवारी उमुगांडा, सगळ्यांचं श्रमदान. आठ ते अकरा सगळा देश कुदळ-फावडी घेऊन रस्त्यावर. बस बंद, मोटारसायकल बंद, चिटपाखरू हलत नाही."

"मला शिकवू नकोस. साडेपाचच्या पहिल्या बसने निघाले की आठच्या आत विमानतळावर."

"अगं, शुक्रवारीच जा की. किगालीत आपली इतकी मंडळी आहेत, पड कुणाकडे तरी."

"शुक्रवारी रात्री भाकर भाजायचीय. पोरीला शिळी नेऊ?"

भाकर म्हणजे मक्याच्या पिठाची, पातेल्यात भाजायची, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. तफारा ती ताजी नसली तर तोंड वाकडं करायची, हे शुवाईलाही माहीत होतं.

"आणि बस चुकली तर?"

"माझी?" रेवाईने असं विचारलं की शुवाईला हसू फुटलं.

"बरं बाई, चिहेरा! नाही चुकणार." चिहेरा हे रेवाईच्या कुळातल्या बायकांचं नाव, आणि त्या बायका कुणाचं ऐकत नाहीत हे अख्ख्या झिम्बाब्वेला ठाऊक आहे. शुवाई हे नाव कौतुकाने घेत नसे.

शनिवारी पहाटे धुकं असं दाटलं होतं की कायोन्झाचा चौक दिसेना. रेवाईने ठेवणीतला हिरवा झगा घातला होता, भाकरीचं गाठोडं छातीशी धरलं होतं. पाच वाजता चौकात आली, इकडे फिर, तिकडे फिर, झगा नीट कर, गाठोडं हुंगून बघ. साडेपाचला धुक्यातून दिवे आले, बस थांबली, ही सगळ्यांच्या आधी चढली. गाठोडं वरच्या फळीवर ठेवलं, खिडकीशी बसली. मनात म्हणाली, शुवाई, आता बोल.

तिच्या मनात एकच चाललं होतं. पोरगी वाळली असेल. बाप गेला तेव्हापासून ती पोटभर जेवत नाही. केस काय केले असतील कुणास ठाऊक. पहिल्यांदा काय बोलायचं? रडायचं नाही, हे पक्कं. आपण रडलो की ती रडते, आणि मग दोन तास नाकं पुसण्यात जातात.

सहाच्या सुमाराला धुकं विरलं आणि ऊन थेट तिच्या तोंडावर आलं.

तिने डोळ्यांवर हात धरला. हात धरल्या धरल्या तिला उमगलं. किगाली मावळतीला. किगालीला जाताना सकाळचं ऊन पाठीवर पडायला हवं, तोंडावर नाही.

"ही बस कुठे चाललीय?" तिने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"रुसुमो," तो म्हणाला. "टांझानियाची हद्द. तुम्हाला कुठे जायचंय?"

 "थांबवा! अहो, थांबवा!" अशी ती ओरडली की ड्रायव्हरला वाटलं कुणाला फिट आली. म्हणजे पायांनी पुन्हा दगा दिला होता. धुक्यात, घाईत, पोरीच्या विचारात ती नेमकी गुटूच्या बाजूला, रस्त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली होती. आणि सगळ्या बस इथून तिथून सारख्या रंगाच्या.

ती किबुंगो गावाच्या अलीकडे खाली उतरली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि बस धुरळा उडवत वळणापलीकडे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपले हात मोकळे आहेत. भाकर टांझानियाच्या हद्दीला निघाली होती.

तिने स्वतःलाच एक सणसणीत शिवी घातली. तिच्या मायबोलीतली, शोना भाषेतली होती, आसपास कुणाला कळली नाही.

किगालीकडे जाणाऱ्या दोन बस भरून गेल्या, थांबल्याच नाहीत. शेवटचा शनिवार, आठच्या आत जिकडे तिकडे पोचायची सगळ्यांनाच घाई. तिसरी थांबली सातला. रेवाई उभीच राहिली. बसायला जागा होती, पण बसवेना. कायोन्झा मागे पडलं तेव्हा खिडकीतून तिने आपला चौक बघितला आणि मान फिरवली. दर दोन मिनिटांनी ती ड्रायव्हरच्या खांद्यावरून घड्याळ बघे. "मामा, तुम्ही बघितलं म्हणून गाडी पळत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही दाबलंत तर पळेल," रेवाई म्हणाली. पण इथले ड्रायव्हर वेगाच्या बाबतीत पोलिसाला असे घाबरतात की त्याने काही दाबलं नाही.

वाटेतलं रवामगाना गाव चार-पाच किलोमीटरवर असताना आठ वाजले. पुढे रस्त्यावर आडवी दोरी. दोरीपलीकडे पन्नास-साठ माणसं, बाया, कुदळी, घमेली, आणि मधोमध गमबूट घातलेली, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली एक साठीची बाई. गावची मुख्य तीच, मुकागातारे. ड्रायव्हरने मुकाट्याने गाडी बाजूला घेतली, किल्ली खिशात टाकली आणि फावडं मागायला गेला.

रेवाई धावत दोरीपाशी गेली.

"मला जाऊ द्या. माझी मुलगी विमानतळावर आहे."

"तिकीट दाखवा," मुकागातारे म्हणाली. "विमानाचं तिकीट असेल त्याला आम्ही आत्ता सोडतो. पोलिसाला फोन करून गाडी काढून देते."

"तिकीट माझं नाही, तिचं आहे."

"मग तिला कुणी अडवलंय का?"

"नाही. ती तिथेच आहे. मला तिला भेटायचंय."

"म्हणजे जाणारी पोचली आणि पोचवणारी अडकली." मुकागातारेने आजूबाजूच्या बायांकडे बघितलं. एक-दोघी हसल्या. "बाई, बोलण्यावरून तुम्ही शाळेतल्या दिसता. तुम्हाला नियम माहीत आहे. आज मी भेटायला जाणाऱ्याला सोडलं तर माझा निम्मा गाव कुणाला ना कुणाला भेटायला निघेल."

तेवढ्यात फोन वाजला. विमानतळाच्या फुकटच्या नेटवरून तफारा.

"माय! मी बाहेर आले. कुठे आहेस? मी सगळीकडे शोधलं, म्हटलं तू तर पहाटेच येऊन बसली असशील."

"येतेय गं. रस्ता बंद आहे."

"तुझा? रस्ता बंद?" तफारा खळखळून हसली. किती दिवसांनी तो आवाज! "माय, मी निळा कोट घातलाय, मावशीचा. मला दोन मापं मोठा आहे. हसू नकोस हं बघून."

"नाही हसत. काही खाल्लंस?"

"तुझी भाकर खाणार ना मी. दम धर."

रेवाईने भाकरीचं सांगितलं नाही. अकराला रस्ता उघडेल, साडेबाराच्या आत मी तिथे, एवढंच म्हणाली. तफारा म्हणाली, "सव्वाबाराला आत जायचं म्हणतायत माय. साडेबाराला काउंटर बंद करतात." "मग मी सव्वाबाराच्या आत येते," रेवाई म्हणाली.

फोन ठेवला आणि ती बसभोवती फिरायला लागली. एक फेरी, दोन फेऱ्या, दहा. मुकागातारे थोडा वेळ बघत राहिली, मग एक कुदळ घेऊन आली. "धरा," म्हणाली. "हात चालले की डोकं गप्प बसतं."

डोकं काही गप्प बसलं नाही, पण कुदळ मात्र अशी चालली की बघणारे बघत राहिले. रस्त्याकडेचा गाळाने भरलेला नाला मोकळा करायचं काम होतं. बाकीच्या बाया गप्पा मारत, एकमेकींची टर उडवत खणत होत्या. हिरव्या झग्यातली ही परकी बाई खाली मान घालून खणत सुटली. चिखल झग्यावर, गुडघ्यावर, कपाळावर.

"हिला आवरा गं," एक म्हणाली, "नाहीतर हा नाला ही किगालीपर्यंत खणत नेईल."

"नेऊ दे की, आपल्याला पुढच्या महिन्यात सुट्टी!"

रेवाईही हसली. हसताना तिला रडू यायला लागलं, म्हणून तिने पुन्हा खणायला घेतलं. शेजारच्या बाईने न विचारता आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. रेवाईने ते दोन्ही हातांनी घेतलं, तिच्याकडची रीत, आणि एका दमात संपवलं.

अकरा वाजले. रेवाईने कुदळ टाकली आणि बसकडे पळाली. बस रिकामी. ड्रायव्हर झाडाखाली मांडी घालून बसला होता, सगळा गाव बसला होता. काम झाल्यावर सभा असते, हे ती विसरलीच होती. दर महिन्याला शाळेच्या पटांगणात ती स्वतः त्या सभेला बसायची, तेव्हा तासभर आधी जाऊन पुढची जागा धरायची.

सभेत मच्छरदाण्यांचा विषय निघाला. मग कुणाच्या तरी बकरीने कुणाची तरी कोबी खाल्ली होती. बकरीचा मालक उभा राहिला आणि म्हणाला, मुळात कुंपण कुठे होतं? कोबीवाला म्हणाला, कुंपण नव्हतं म्हणून काय बकरीला आमंत्रण होतं? रेवाई कडेला उभी राहून मुठी वळत होती. त्या क्षणी कुणी तिच्या हातात ती बकरी दिली असती तर तिने ती सोलली असती. शेवटी मुकागातारेची नजर तिच्याकडे गेली. चिखलाने माखलेला झगा, घड्याळाकडे लागलेले डोळे.

"बकरी पुढच्या महिन्यात," मुकागातारे म्हणाली. "उठा." आणि ड्रायव्हरकडे वळून, "तू काय बघतोस? बाईंची लेक उभी आहे तिकडे. काढ गाडी!" दोरी तिने स्वतःच्या हाताने सोडली. अकरा वीस झाले होते.

आता सगळा देश एकदम रस्त्यावर आला होता. तीन तास अडलेल्या बस, ट्रक, सायकली, केळीच्या घडांनी लादलेल्या गाड्या, सगळं एकाच वेळी किगालीकडे. काबुगाच्या चढाला गाडी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. बारा वाजले. बारा पाच. विमानतळ अजून पंधरा मिनिटं तरी, तेही रस्ता मोकळा असता तर.

फोन वाजला.

"माय, कुठे आलीस?"

"आलेच. जवळ आलेय."

"किती जवळ? बरं, ऐक. मी थांबते. तू आल्याशिवाय मी आत जात नाही."

"तफारा..."

"नाही जात. विमान गेलं तर गेलं. दुसरं मिळेल. दीड वर्ष झालं माय! तुला न बघता मी त्या थंडीत जाऊन पडू?"

दुसरं मिळणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. कागदावर तसं लिहिलं होतं. तफाराने कूळ बापाचं घेतलं होतं, पण हट्ट आईचा. ती थांबते म्हणाली म्हणजे थांबणार. मी येतेय, एवढे दोन शब्द जरी रेवाईच्या तोंडून पुन्हा गेले असते, तरी पोरगी दाराबाहेर खांबासारखी उभी राहिली असती.

रेवाईने खिडकीबाहेर बघितलं. पुढे ट्रक, ट्रकपुढे ट्रक.

"तफारा, ऐक," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. मी कायोन्झातच आहे."

"काय?"

"बस चुकली सकाळची. मग रस्ता बंद झाला. आता कुठे बस लागतेय. मी काही येत नाही. तू जा आत."

 मग तफाराचा आवाज आला, आणि तो आवाज रेवाईने कधी ऐकलेला नव्हता.

"जगाच्या बसला तू तासभर आधी असायचीस माय. शाळेत माझ्याआधी, लोकांच्या लग्नात लोकांच्या आधी. आणि माझ्याच वेळी तुझी बस चुकली?"

"हो. चुकलंच माझं."

"आणि सकाळपासून येतेय, येतेय म्हणतेस?"

"हो गं. जा आता. जा."

फोन बंद झाला. बसमधली माणसं दुसरीकडे बघत होती. शोना न कळणाऱ्यालाही एवढं कळतं. रेवाईने दार उघडायला लावलं, खाली उतरली आणि समोर दिसेल त्या मोटारसायकलवाल्याच्या मागे बसली. पोरगी आत गेली असेल, आता घाईचं कारण उरलं नव्हतं, तरी ती त्याच्या पाठीत बोटं टोचत होती, लवकर, बाबा, लवकर. दिसली तरी पुरे, एवढंच आता तिला हवं होतं. ट्रकांच्या फटीतून, फुटपाथच्या कडेने त्याने तिला बारा वाजून बावीस मिनिटांनी विमानतळाच्या दाराशी उतरवलं.

आत जायला तिकीट लागतं. दाराशी एक तरुण शिपाई होता. बाजूला मोठमोठ्या काचा. रेवाईने काचेला हात लावून आत बघितलं.

निळा कोट. दोन मापं मोठा. रांगेत पुढे आठ-दहा माणसं, मागे वीसेक. पाठ दाराकडे. पोरगी वाळली होती. केस अगदी बारीक कापले होते, मान उघडी पडली होती, तिच्या लहानपणी दिसायची तशी. मध्येच ती कोटाच्या बाहीने तोंड पुसत होती.

"मामा, ती तुमची का?" शिपायाने विचारलं. त्याने तिचा चिखलाचा झगा बघितला, चेहरा बघितला. "नाव सांगा. मी आत जाऊन हाक मारतो. काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं आहेत, पण दाराशी येऊन भेटेल पटकन."

नाव रेवाईच्या ओठांवर आलं. एक हाक. पोरगी वळेल, रांग सोडून धावत येईल, आणि आली की परत जाणार नाही. रेवाईला आपली लेक माहीत होती. आणि ती इथे येऊन गळ्यात पडली की तिला परत ढकलायचं बळ आपल्या हातांत नाही, हेही माहीत होतं.

"नको," ती म्हणाली.

"बोलावतो की."

"नको म्हटलं ना, बाळा."

ती काचेपासून दोन पावलं मागे आली, खांबाच्या आड. सकाळी पाचपासून एका जागी न ठरलेली ती बाई तिथे हलली नाही. रांग सरकली. काउंटरवरच्या बाईने तफाराचे कागद बघितले, शिक्का मारला, काहीतरी विचारलं. तफाराने मान हलवली. मग निळा कोट आतल्या दारातून गेला, एकदाही मागे न वळता. मागे कुणी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

दहा मिनिटांनी फोन थरथरला. तफाराचा निरोप होता.

"माय, रागावले तुझ्यावर, माफ कर. आता बस मिळाली तरी येऊ नकोस. उन्हात उगाच दमशील. घरीच थांब."

रेवाईने चिखलाचं बोट झग्याला पुसलं आणि लिहिलं, "घरीच आहे."